पाणकावळ्याची नावपाटी

उकाईंच्या फाटकावरच्या नावपाटीतला पक्षी उडाला, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

उकाई हे आडनाव जपानी लिपीत दोन अक्षरांत लिहितात. पहिलं अक्षर पाणकावळ्याचं, दुसरं पाळण्याचं. पूर्वजांपैकी कोणीतरी पाणकावळे पाळून नदीत मासे धरत असणार. आता पाणकावळ्याचं अक्षर म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं. डावीकडे 'धाकटा भाऊ' आणि त्याला खेटून उजवीकडे 'पक्षी', असे दोघं दाटीवाटीने बसले की पाणकावळा होतो. फाटकावरची प्लॅस्टिकची पाटी वर्षानुवर्षं पश्चिमेच्या उन्हात भाजत होती, आणि उन्हाने, काय वैर होतं कोण जाणे, नेमका पक्षी तेवढा पुसून टाकला. जुलैतल्या एका दुपारी पार्सल घेऊन आलेल्या नव्या माणसाने बाहेरून हाक मारली, "धाकटे भाऊ पाळणारे इथेच राहतात का?"

उकाईंना एकही भाऊ नव्हता. त्यांनी गंभीरपणे सही केली, पार्सल घेतलं आणि फाटकाशी उभं राहून पाटीकडे पाहिलं. पाणीपुरवठा खात्यात उपविभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला असं हिणवून घ्यायची सवय नसते.

"अहो, बाजारात मिळतात की पाट्या," फुमि म्हणाली. फुमि म्हणजे त्यांची बायको. ती वांगी चिरत होती आणि तिच्या लेखी विषय संपला होता.

तो तिथेच संपलाही असता. पण त्याच आठवड्यात वस्तीच्या मंडळाची बैठक होती. विषय होता कचऱ्यावर कावळे बसू नयेत म्हणून टाकायच्या जाळीचा. जाळीचं ठरलं, बिअर उघडली गेली, आणि कोणीतरी कोपऱ्यावरच्या नव्या घराच्या नावपाटीचं कौतुक काढलं. काळा दगड, मशीनने कोरलेली अक्षरं, रात्री मागून दिवा. सगळे माना डोलवू लागले. उकाईंना ते सहन झालं नाही.

"मशीनचं काय कौतुक," ते म्हणाले. "आपलं गाव शिप्पोचं, म्हणजे मीनाकामाचं. नागोयापासून इथवर पूर्वी घरोघर तांब्यावर मीनाकाम चालायचं. आणि आपल्या दारांवर प्लॅस्टिक आणि दगड. मी तर माझी पाटी मीनाकामातच करणार आहे. स्वतःच्या हाताने."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यांना स्वतःलाही याची कल्पना नव्हती. आणि बैठकीत बोललेलं एरवी बैठकीतच विरतं. पण मंडळाचे अध्यक्ष ओनोगी हे हौशी सुलेखनकार होते. जाड कुंचल्याने 'मेघ' आणि 'चंद्र' असे शब्द लिहून ते भिंतीला टांगत. कला म्हटलं की त्यांना राहवत नसे. दुसऱ्याच दिवशी घरोघर फिरणाऱ्या सूचनापत्रकात, जाळीच्या नियमांखाली, ओळ आली: नोव्हेंबरच्या सांस्कृतिक मेळाव्याचं खास आकर्षण, श्री. उकाई यांनी स्वतः घडवलेली मीनाकामाची नावपाटी.

पत्रक प्रत्येक घरी वाचून, शिक्का मारून पुढे जातं. उकाईंच्या घरी ते सगळ्यांत शेवटी आलं. म्हणजे अख्ख्या वस्तीने शिक्का मारून या गोष्टीला मान्यता दिल्यावर ती त्यांना कळली.

"आता?" फुमिने विचारलं.

"आता शिकायचं," उकाई म्हणाले. माघार घेणं हा प्रकार त्यांनी नोकरीत कधी केला नव्हता. मुळात पुढे जाण्याचीच वेळ फारशी आली नव्हती, हा भाग वेगळा.

सामुदायिक केंद्रात आठवड्यातून एकदा मीनाकामाचा वर्ग भरे. शिकवणाऱ्या निवाबाई साठीच्या पुढच्या, आखूड केसांच्या, आणि बोलायला तिखट. त्यांचं काम परदेशातल्या प्रदर्शनांत लागत असे, असं वर्गातल्या बायका दबक्या आवाजात सांगत. उकाईंना वाटलं होतं, फुलदाण्या असतील, बगळे असतील, शेवंतीची फुलं असतील. भिंतीवर होता तांब्याचा एक भलामोठा चुरगळलेला पत्रा, त्यावर राखाडी काच वितळलेली आणि एका कोपऱ्यात पिवळा डाग.

"हे काय आहे?" उकाईंनी आदराने विचारलं.

"मंगळवार," निवाबाई म्हणाल्या.

उकाईंनी पुन्हा नीट पाहिलं. मंगळवारबद्दल त्यांचं असं काही मत नव्हतं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"नावपाटी. उकाई. पूर्ण अक्षरांत."

वर्गातल्या बायकांनी माना वर केल्या. निवाबाईंनी कागदावर पाणकावळ्याचं अक्षर लिहिलं आणि त्याच्याकडे डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात तसं पाहिलं. "चांदीच्या पट्टीची एकेक रेघ वाकवायची. केसाएवढी जाड, उभी. तांब्यावर चिकटवायची. मग मधल्या रिकाम्या जागांत काचेची ओली पूड भरायची, वाळवायची, भट्टीत भाजायची. पूड वितळून खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. मग दगडाने घासायचं. आणि तुमच्या पक्ष्याच्या पायाशी चार ठिपके आहेत. तुमचं आडनाव सोपं असतं तर बरं झालं असतं."

उकाईंनी आडनाव बदलायचा विचार केला नाही. चिमटा हातात घेतला. पहिले काही आठवडे ते फक्त रेघा वाकवत होते. शिंक आली की पक्ष्याचे पंख टेबलाखाली जात, आणि वर्गातल्या सगळ्या बायका गुडघ्यांवर बसून पाणकावळा शोधत. घरी आल्यावर फुमि त्यांच्या शर्टवरून ठिपके वेचून बशीत ठेवी.

वर्गातली भट्टी आठवड्यातून एकदाच मिळायची. नोव्हेंबर थांबणार नव्हता. तेव्हा उकाईंनी एक जुनी, छोटी विजेची भट्टी मिळवली आणि अंगणातल्या सामानाच्या खोलीत बसवली. तांब्याचा पत्रा आधीच कापून आणला होता. भट्टीचं माप त्यांनी जातीने घेतलं होतं. फक्त बाहेरून. आत पत्रा जाईना. आडवा जाईना, तिरका जाईना. शेवटी दोन अक्षरांच्या दोन वेगळ्या पाट्या करायच्या असं ठरलं. "नवी पद्धत आहे," उकाई फुमिला म्हणाले. फुमिने मान डोलावली. ती संसारात अशा बऱ्याच नव्या पद्धतींवर मान डोलावत आली होती.

भट्टी चालू केली आणि घरातली वीज गेली. उकाईंनी खटका वर केला. पुन्हा गेली. आतून फुमिचा आवाज आला, "अहो, भात अर्धा शिजलाय." तेव्हापासून घराचं वेळापत्रक ठरलं. भट्टी चालू असताना भाताचा विजेचा कुकर बंद, इस्त्री बंद, धुण्याचं मशीन बंद. काच वितळत असताना उकाईंच्या घरात एखाद्या समाधिस्थळासारखी शांतता असे, आणि फुमि अंधुक स्वयंपाकघरात विजेविना करता येण्यासारखी कामं शोधत असे. अशी कामं फारशी नव्हती, म्हणून ती सामानाच्या खोलीच्या दाराशी येऊन भट्टीच्या फटीतला नारिंगी उजेड पाहत बसे.

शेजारच्या हाचियाकाकूंना हा उजेड कुंपणावरून दिसला.

"उकाईसान, भट्टी घेतलीत म्हणे. रताळी भाजता येतील का हो त्यात?"

"नाही. काच भाजतो."

"काच," काकू म्हणाल्या. विचार करून त्यांनी पुढचा सल्ला दिला. "पण मग अग्निशमनच्या ऑफिसात कळवलंत ना? माझ्या भाच्याने अंगणात नुसती चिमणीची शेगडी लावली होती, तर केवढी विचारपूस झाली."

उकाईंनी कळवलं नव्हतं. खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला न कळवल्याची नुसती कल्पनाही झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी टाय लावून ते सरकारी इमारतीत गेले. खिडकीमागे एक तरुण होता, अत्यंत नम्र. नम्र कारकुनापासून सावध राहायचं असतं, हे उकाईंना आपल्याच अनुभवावरून ठाऊक होतं.

"आपण काय जाळणार आहात?"

"जाळणार नाही. भाजणार आहे."

"भाजणार असाल तर खाद्यपदार्थांची खिडकी वरच्या मजल्यावर आहे."

"खाद्यपदार्थ नव्हे. माझं नाव भाजणार आहे."

तरुणाने हे लिहून घेतलं. मग आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. "व्यवसाय आहे का?"

"नाही. अभिमान आहे," उकाई म्हणाले. आपण हे का बोललो ते त्यांना कळलं नाही, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

वरचा मजला, खालचा मजला, पुन्हा तीच खिडकी, असं करत दुपार झाली तेव्हा कळलं की एवढ्याशा विजेच्या भट्टीला परवानगी लागतच नाही.

"ठीक आहे. लागत नाही, असं लिहून द्या."

"क्षमा असावी. लागत नाही असं लिहून देण्याचा नमुनाच नाही आमच्याकडे."

हेच वाक्य पाणीपुरवठा खात्याच्या खिडकीमागून किती सुंदर ऐकू येई, असं उकाईंच्या मनात आलं. त्यांनी कमरेत वाकून निरोप घेतला आणि घरी येऊन टाय काढण्याआधीच भट्टी चालू केली.

पहिला पाणकावळा भट्टीतून बाहेर आला तेव्हा खरोखर देखणा होता. गर्द निळी काच, त्यात चांदीच्या रेघा. उकाईंनी तो जेवणाच्या टेबलावर, सोयाच्या बाटलीशेजारी, थंड व्हायला उभा केला. दोघं सूप प्यायला बसले. आणि टिक्, असा बारीक आवाज झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा टिक्. तांबं निवताना आखडत होतं, काच आखडत नव्हती, आणि दोघांच्या भांडणात पाटी केळीच्या पानासारखी वळत चालली होती. जेवण संपेपर्यंत पाणकावळ्याच्या अंगावर बारीक भेगांचं जाळं पसरलं.

"मागच्या बाजूला काच लावली नव्हतीत ना?" वर्गात निवाबाईंनी पाटी उलटी करत विचारलं. "पुढून जेवढी, मागूनही तेवढीच लागते. नाहीतर एका बाजूने ओढलं जातं. मागची बाजू कोणी बघत नाही, पण पुढची तिच्यावर तोललेली असते."

दुसऱ्या वेळी मागची बाजू व्यवस्थित झाली, पण रेघा नीट चिकटल्या नव्हत्या. काच वितळली आणि अख्खा पक्षी हळूच कलंडून धाकट्या भावाच्या अंगावर जाऊन बसला. हाचियाकाकूंनी तो पाहिला आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. "अपशकुन आहे हो," त्या म्हणाल्या. "घरात धाकटा भाऊ कोणी नाही ना?" तिसऱ्या वेळी उकाईंनी काकूंच्याच सल्ल्याने शुभ म्हणून लाल रंग घेतला. भट्टीत लाल गेला आणि काळपट, जळक्या वांग्याच्या रंगाचा परत आला. ओनोगीसाहेब मेळाव्याचं काम कुठवर आलं ते बघायला आले होते. त्यांनी चष्मा वर करून पाटी निरखली. "मला हे आधुनिक काही कळत नाही," ते म्हणाले, "पण शोक छान उतरलाय."

त्या दिवशी उकाई जेवले नाहीत. फुमिने त्यांच्या पुढ्यात भाताचा गोळा ठेवला आणि ती निघून गेली. तो त्यांनी नंतर खाल्ला.

वर्गात निवाबाईंनी हातातला पाणकावळा काढून घेतला. "आज हे नाही करायचं. तुमचे हात घाबरलेत. सोपं काहीतरी करा. कमी रेघांचं."

"कोणतं?"

"मला काय विचारता. तुमच्या ओळखीचं कोणी कमी रेघांचं असेल ना."

उकाईंनी विचार केला. ओळखीतली सगळी माणसं भरगच्च अक्षरांची निघाली. ओनोगींचं नाव घेऊन तर ते शहारले. आणि मग त्यांना आठवलं की घरात एक माणूस आहे, ज्याचं नाव चार रेघांत होतं. फुमि. एक टिंब, एक आडवी रेघ, आणि एकमेकींना छेदून दोन्ही बाजूंना गेलेल्या दोन तिरक्या. अर्थ नुसता 'अक्षर'. एवढी वर्षं संसार झाला, पण हे अक्षर त्यांनी सरकारी कागद सोडून कुठे लिहिलं नव्हतं. हाक मारायला 'अगं' पुरत असे.

त्या दिवशी हात घाबरले नाहीत. चार रेघा आज्ञाधारकपणे उभ्या राहिल्या. खाली चांदीचा वर्ख, वर पारदर्शक निळी काच, पातळ थर, पुन्हा थर. दोन आठवड्यांनी दगडाने घासून शेवटचं भाजून काढलं आणि पाटी निवली, तेव्हा वर्गातल्या बायका हातातलं टाकून जवळ आल्या. निळ्याच्या आतून उजेड येत होता, पहाटे पाण्यातून येतो तसा. निवाबाईंनी पाटी उचलली, उलटी केली आणि बराच वेळ पाठच बघत राहिल्या.

"मागची बाजू चांगली झालीय," त्या म्हणाल्या.

यापेक्षा मोठी शाबासकी त्या वर्गात कोणाला मिळाली नव्हती. उकाईंनी पाटी रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि ते घरी गेले. फुमिला दाखवायची लाज वाटली. साठीच्या माणसाने बायकोचं नाव काचेत मढवून खिशातून आणावं, हे काही बरं दिसत नाही. ती खिशातच राहिली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र चमत्कार झाला. पाणकावळा आणि पाळणं, दोन्ही पाट्या निर्दोष निघाल्या. पाळणं निवून तयार होतं, पाणकावळ्याचं चकाकीसाठीचं शेवटचं भाजणं तेवढं उरलं होतं, आणि तेही झालं. उकाईंनी लांब चिमट्याने नारिंगी तापलेली पाटी बाहेर काढली. नारिंगी विझून निळा होऊ लागला. पक्षी उभा होता, भाऊ उभा होता, चारही ठिपके जागच्या जागी. नेमके तेव्हाच ओनोगीसाहेब टेबलांची मांडणी सांगायला फाटकातून येत होते.

शहाण्या माणसाने पाटी भट्टीशेजारी निवू दिली असती. उकाई ती चिमट्यातच धरून अंगणात गेले. मोठ्या अभिमानाने. अंगणात नोव्हेंबरचं गार वारं सुटलं होतं.

"बघा, ओनोगीसाहेब," ते म्हणाले.

ओनोगींनी वाकून पाहिलं, आणि दोघांच्या देखत पाटी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत कडाडली. काचेचा एक तुकडा उडून ओनोगींच्या बुटावर पडला.

ओनोगींनी तुकडा बुटावरून हळूच झटकला. "टेबलावर ठेवायची चिठ्ठी तर लिहून झालीय," ते म्हणाले. "माझ्याच हातची आहे. 'उकाई मासानोबु, घराची नावपाटी.' पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझा 'चंद्र' आहे ना, तो तिथे टांगतो. रिकामी जागा दिसायला नको."

उकाईंना बाकी सगळं सोसलं असतं. त्यांच्या जागेवर ओनोगींचा चंद्र उगवणं सोसलं नाही.

"जागा रिकामी राहणार नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सामुदायिक केंद्रात गर्दी होती. एका बाजूला बुटकी झाडं, दुसऱ्या बाजूला भरतकाम, मधे ओनोगींच्या हातची ऐटबाज चिठ्ठी, आणि तिच्यासमोर छोट्याशा स्टँडवर निळी पाटी. लोक आधी पाटी बघत, मग चिठ्ठी वाचत, मग पुन्हा पाटी बघत. कुजबुज सुरू झाली. शेवटी ओनोगीच पुढे आले. त्यांचा आवाज मुळातच सभेचा होता.

"उकाईसान, काहीतरी गल्लत झालीय. चिठ्ठीवर घराची नावपाटी म्हटलंय. आणि हे तर फुमिवहिनींचं नाव दिसतंय."

माना वळल्या. उकाईंचे कान तापले. हाताशी एखादी सबब आहे का ते त्यांनी पाहिलं. नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "घराचीच पाटी आहे. पाटी कशाला लावतात? आत कोण राहतं ते कळावं म्हणून. मी निवृत्त होईपर्यंत घरी राहत होतो कुठे? सकाळी जायचो, झोपायला यायचो. राहत होती ती. आता मी पण राहायला आलोय."

हे बोलून होईपर्यंत त्यांना वाटत होतं की आपण वेळ मारून नेतोय. बोलून झाल्यावर कळलं की यातलं काहीच खोटं नव्हतं. त्यांनी पाठ ताठ केली. पाणीपुरवठा खात्याच्या निरोप समारंभातही ते एवढे ताठ उभे राहिले नव्हते.

आणि समोर फुमि उभी होती. ती केंद्राच्या स्वयंपाकघरात भाताचे गोळे वळायच्या कामावर होती. अंगात एप्रन, हातांना मीठ, हातात रिकामा ट्रे. बायकांनी तिला वाट करून दिली. ती पाटीजवळ आली, वाकली, बराच वेळ पाहत राहिली.

"शेवटची रेघ जरा लांब गेलीय," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

पण थोड्याच वेळात ती चमचे न्यायला आली. चमचे त्या खोलीत नव्हते. मग कपांचं विचारायला आली. मग ट्रे विसरला म्हणून आली, ट्रे तिच्या हातातच होता. प्रत्येक वेळी ती भरतकामाच्या बाजूने न जाता पाटीच्या बाजूने गेली. निवाबाईंनी हे सगळं आपल्या जागेवरून पाहिलं आणि उकाईंच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "लांब नाहीये ती रेघ. बरोबर आहे."

मेळावा झाल्यावर उकाईंनी पाटी फाटकावर लावली. त्यानंतर आठवडाभर हाचियाकाकू त्यांच्याशी फार मायेने वागल्या. एकदा डबाही आणून दिला. आडनाव काढून एकट्या बाईचं नाव दारावर लागलं, तेव्हा उकाईसान बहुतेक आजारी असणार किंवा त्यांना घराबाहेर काढलेलं असणार, असा त्यांचा समज झाला होता. उकाईंनी तो दुरुस्त केला नाही, कारण डब्यातलं मुळ्याचं लोणचं उत्तम होतं. पार्सलवाला आता "फुमिसान" म्हणून हाक मारतो आणि उकाई "हो" म्हणून बाहेर येतात. कोणी पाटीचं विचारलं की फुमि म्हणते, "आमच्या यांनी केलीय," आणि लगेच दुसरा विषय काढते. येता-जाता एप्रनच्या टोकाने पाटी पुसते मात्र.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी ओनोगी आले. हातात मंडळाचं काही काम नव्हतं. फाटकाशी उभं राहून त्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं, कावळ्यांच्या जाळीबद्दल बोलून घेतलं, घसा साफ केला.

"आमच्या घरी विचारत होते," ते म्हणाले. घरी म्हणजे त्यांची बायको, युकिए. "तशी काही घाई नाही. पण एखादी, अशीच, छोटी, होईल का?"

"होईल की," उकाई म्हणाले. छाती थोडी पुढे आली, ती त्यांनी येऊ दिली. "नाव कोणत्या अक्षरात लिहितात? युकि म्हणजे बर्फाचं अक्षर, की सुखाचं?"

ओनोगींनी तोंड उघडलं. हजारदा 'मेघ' आणि 'चंद्र' लिहिलेला त्यांचा उजवा हात हवेत वर आला, एक आडवी रेघ काढली आणि तिथेच थांबला. त्यांनी हात खाली घेतला, दुसऱ्या बाजूने वर नेला, पुन्हा थांबला.

"फोन करून विचारा ना," उकाई हळूच म्हणाले.

ओनोगी कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलले. बोलणं लहानच झालं. परत आले तेव्हा त्यांचा सभेचा आवाज कुठेतरी गेला होता.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"म्हणाली, आता तुम्हीच ओळखा."

उकाईंनी फाटक उघडलं, अध्यक्षांना आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. फुमिने गरम चहा आणून ठेवला आणि शेजारी एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. "घ्या, दोन्ही लिहून बघा," उकाई म्हणाले, "जे लिहिताना हात थांबणार नाही ते." मग ते सामानाच्या खोलीत गेले आणि भट्टीचा खटका दाबला. आत फुमिने न सांगताच कुकर बंद केला.